आंतरराष्ट्रीय वाहन परवाना: नाशिकमध्ये काय मिळते आणि काय स्वतः पाहावे लागते

द्राक्षांच्या व्यवहारासाठी नेदरलँड्समधील रॉटरडॅमला जाणारे निफाड-दिंडोरीचे बागायतदार, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून जर्मनीला प्रशिक्षणासाठी जाणारे अभियंते, मुलांकडे अमेरिकेत चार-सहा महिने राहायला जाणारे आईवडील आणि थायलंडच्या सहलीला निघालेली तरुण मंडळी, या सगळ्यांना निघण्यापूर्वी एक प्रश्न हमखास पडतो, तो म्हणजे तिथे गाडी चालवायची असेल तर कोणता कागद जवळ असावा लागतो. त्याचे उत्तर बहुतेक ठिकाणी ‘इंटरनॅशनल लायसन्स काढून घ्या’ एवढ्यावरच संपते. हा परवाना मी नाशिकमधून घेतला, त्यावर जपानच्या होक्काइदो बेटावर गाडी चालवली आणि त्यानंतर नात्यागोत्यातल्या व शेजारपाजारच्या अनेकांना तो काढण्यासाठी किंवा न काढण्यासाठी सल्ला दिला. त्या अनुभवावरून या सेवेचे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते: सरकारी सेवा म्हणून ही स्वस्त, सरळ आणि घेण्याजोगी आहे, परंतु हा परवाना आपल्या देशासाठी, आपल्या वाहनासाठी आणि आपल्या मुक्कामासाठी लागू आहे का, हे पाहण्याचे काम या सेवेत येत नाही. ते ज्याचे त्यालाच करावे लागते, आणि पैसे घेऊन कागद काढून देणारे एजंट तर ते मुळीच करत नाहीत.

हा परवाना म्हणजे स्वतंत्र लायसन्स नव्हे, ही गोष्ट सर्वांत आधी नीट समजून घ्यायला हवी. आपल्याकडे असलेल्या भारतीय लायसन्सची माहिती परदेशातील पोलिसाला आणि गाडी भाड्याने देणाऱ्याला ठरलेल्या नमुन्यात वाचता यावी, यासाठी 1949 च्या जिनिव्हा येथील रस्ते वाहतूक करारानुसार ही पुस्तिका दिली जाते. भारत या कराराचा सदस्य असल्यामुळे आपल्याला मिळणारा परवाना याच कराराखालचा असतो. करारातील नमुन्यानुसार पुस्तिकेचे मुखपृष्ठ राखाडी आणि आतली पाने पांढरी असतात, आकार 105 बाय 148 मिलिमीटर असतो, त्यामुळे ती पासपोर्टच्या कव्हरात बसत नाही. शेवटचे पान फ्रेंच भाषेत असते आणि त्यावर वाहनांचे वर्ग ए ते ई असे एकाखाली एक छापलेले असतात. ज्या वर्गाचे वाहन चालवण्याची परवानगी आहे, त्याच्यासमोर शिक्का असतो. परवान्याची मुदत देण्याच्या तारखेपासून जास्तीत जास्त एक वर्ष असते, आणि मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर परवानाही त्याच दिवशी संपतो. ज्या देशाने परवाना दिला त्या देशात तो चालत नाही, म्हणजे भारतात त्याचा काहीही उपयोग नाही. मूळ लायसन्स जवळ नसेल तर परदेशातही पुस्तिका एकटी कामाची नाही. आपल्याकडे डिजिलॉकरमधले किंवा एमपरिवहनमधले लायसन्स पोलिसांना दाखवलेले चालते, म्हणून अनेकजण कार्ड घरीच ठेवतात. परदेशी जाताना मात्र प्रत्यक्ष कार्ड सोबत असलेच पाहिजे.

आता प्रत्यक्ष सेवेविषयी. नाशिक शहर आणि एमएच-15 च्या हद्दीतील तालुक्यांसाठी पंचवटीत पेठ रोडवर असलेले प्रादेशिक परिवहन कार्यालय हा परवाना देते. मालेगावच्या बाजूच्या लोकांचे कार्यालय वेगळे, एमएच-41 चे. अर्जाची सुरुवात केंद्र सरकारच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर होते. तिथे महाराष्ट्र निवडून लायसन्सचा क्रमांक आणि जन्मतारीख भरली की आपली नोंद समोर येते, मोबाइलवर ओटीपी येतो आणि सेवांच्या यादीतून आंतरराष्ट्रीय परवाना निवडता येतो. नियमाप्रमाणे अर्जाचा नमुना 4-ए आहे आणि शुल्क 1000 रुपये. लायसन्स, पासपोर्ट, प्रवासाचा तपशील आणि छायाचित्र यांची तयारी आधी करून ठेवली तर घरच्या संगणकावर हे काम एका बैठकीत होते. मूळ कागदपत्रे दाखवण्यासाठी मी कार्यालयात गेले, तेव्हा खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने जे केले ते या परीक्षणात आवर्जून नोंदवण्यासारखे आहे. त्यांनी लायसन्स आणि पासपोर्ट शेजारी-शेजारी ठेवून दोन्हीवरील नावाचा एकेक शब्द बोटाने जुळवून पाहिला, मग लायसन्सची अखेरची तारीख पाहिली, आणि त्यानंतर विचारले, ‘मॅडम, परत कधी येणार?’ परतीची तारीख लायसन्सच्या मुदतीच्या आत आहे याची खात्री झाल्यावरच त्यांनी कागद पुढे सरकवला.

नावाची ही जुळणी वरवर किरकोळ वाटते, पण मराठी माणसाच्या बाबतीत ती फार महत्त्वाची आहे. आपल्याकडे कुठे आडनाव आधी लिहितात, कुठे शेवटी. कुठे वडिलांचे किंवा पतीचे पूर्ण नाव मध्ये असते, तर कुठे फक्त आद्याक्षर. जुन्या लायसन्सवर माहेरचे नाव आणि पासपोर्टवर सासरचे, अशी स्थिती असलेल्या स्त्रिया माझ्या ओळखीतच पुष्कळ आहेत. माझ्या जाऊबाईंचे तसेच होते. इथे सगळे ओळखीचे असल्यामुळे कधी अडत नाही, परंतु परदेशात काउंटरवरच्या माणसासमोर तीन कागद असतात, पासपोर्ट, लायसन्स आणि पुस्तिका, आणि त्या तिन्हींवरची व्यक्ती एकच आहे हे त्याला केवळ अक्षरांवरून ठरवायचे असते. पुस्तिकेवरचे नाव लायसन्सच्या नोंदीवरून येते, म्हणून दुरुस्ती करायची असेल तर ती आधी लायसन्समध्ये करून मगच आंतरराष्ट्रीय परवान्याचा अर्ज करावा. जाऊबाईंनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडून आधी लायसन्सवरचे नाव बदलून घेतले आणि नंतर परवाना काढला. त्यात जास्तीचा वेळ गेला, तरी तो सार्थकी लागला असेच मी म्हणेन.

ज्यांचे लायसन्स फार जुने, म्हणजे हाताने लिहिलेल्या पुस्तिकेच्या काळातले आहे, त्यांनी त्याची नोंद ‘सारथी’वर आहे का, हे सर्वांत आधी पाहावे, नोंद नसेल तर ती चढवून घेतल्याशिवाय पुढचे काहीच होत नाही. मुलांकडे जाणाऱ्या ज्येष्ठांनी लायसन्सच्या मुदतीकडेही लक्ष द्यावे. 2019 च्या कायदा दुरुस्तीनंतर पंचावन्न वर्षांवरील व्यक्तीचे लायसन्स एका वेळी पाच वर्षांसाठीच नूतनीकरण होते, त्यामुळे ते मुक्कामाच्या मध्येच संपण्याची शक्यता तरुणांपेक्षा या वयात अधिक असते. मुदत संपण्यापूर्वी एक वर्षापर्यंत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, ही सोय फारशा लोकांना माहीत नसते. चाळिशीनंतर नूतनीकरणासाठी नमुना 1-ए मधील वैद्यकीय दाखला लागतो. आंतरराष्ट्रीय परवान्यासाठी मात्र वैद्यकीय दाखला आणि व्हिसा या दोन्ही अटी काढून टाकण्याचे पाऊल केंद्र सरकारने 7 जानेवारी 2021 च्या अधिसूचनेने उचलले. ज्याच्याकडे वैध लायसन्स आहे त्याला पुन्हा दाखला कशाला, आणि काही देश विमानतळावर उतरल्यावरच व्हिसा देतात तर तो आधी कुठून आणायचा, असा त्यामागचा विचार होता. हा विचार मला पूर्णपणे पटतो. आजही जुनी माहिती उगाळत ‘व्हिसा लागल्याशिवाय अर्जच होत नाही’ असे सांगणारे लोक भेटतात. त्यांच्यावर विसंबू नये.

दुसरी चांगली सुधारणा 26 ऑगस्ट 2022 च्या अधिसूचनेची. त्याआधी पुस्तिकेचा आकार, रंग आणि मांडणी राज्याराज्यांत वेगवेगळी होती आणि त्यामुळे परदेशात लोकांची अडचण होत असे, हे खुद्द केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानेच नमूद केले होते. त्या अधिसूचनेने देशभर एकच नमुना आला, पुस्तिकेवर मूळ लायसन्सशी जोडलेला क्यूआर कोड आला आणि आपल्या नियमांतील वाहनांचे वर्ग व करारांतील वर्ग यांची तुलनाही देण्यात आली. ज्याच्या हातात अजून त्याआधीच्या नमुन्याची पुस्तिका असेल, तिची एक वर्षाची मुदत केव्हाच संपलेली आहे, म्हणून ती आठवणीसाठी ठेवावी, प्रवासाला नेऊ नये.

आता एजंटांविषयी. शेजारच्या एका कुटुंबाने शहरातल्या एका एजंटाकडून परवाने काढून घेतले, तेव्हा त्यांच्या विनंतीवरून मीही सोबत गेले होते. त्याने मागितलेली रक्कम सरकारी शुल्काच्या कितीतरी पट होती. त्याविषयी मला फार तक्रार नाही, कारण ज्याला संगणक जमत नाही किंवा दुकान सोडून जाता येत नाही, त्याने श्रमाचे पैसे देण्यात गैर काही नाही. तक्रार आहे ती सल्ल्याबद्दल. कुटुंबातला मुलगा व्हिएतनामला जाऊन स्कूटर भाड्याने घेणार होता. एजंटाने एकही प्रश्न न विचारता सांगितले, ‘भाऊ, हे जगात कुठेही चालतं, बिनधास्त जा.’ वास्तविक व्हिएतनाम 1968 च्या व्हिएन्ना येथील दुसऱ्या रस्ते वाहतूक करारानुसार दिलेला परवाना मानतो, आणि आपला परवाना 1949 च्या कराराचा आहे. म्हणजे पैसे देऊन, रांग टाळून हातात आलेली पुस्तिका त्या देशाच्या रस्त्यावर त्याला कायदेशीर चालक ठरवत नव्हती. शिवाय त्या मुलाच्या लायसन्सवर फक्त एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटारीची नोंद होती, दुचाकीची नव्हती. तेव्हा ज्या देशात आपला परवाना चालतो तिथेही त्याला स्कूटर चालवता आली नसती. कोणते वाहन चालवता येते हे लायसन्सच्या कार्डावर आणि कुठे जायचे हे प्रवासाच्या तिकिटावर स्पष्ट लिहिलेले होते. वाचायला अर्धे मिनिटही लागले नसते. मी त्या मुलाच्या वडिलांना हे समजावून सांगितले आणि त्यांनी तिथे स्कूटरऐवजी चालकासह गाडी घेण्याचे ठरवले.

वाहनाच्या वर्गाचा हा मुद्दा तरुणांनी विशेष लक्षात घ्यावा. करारातील ए वर्ग दुचाकीसाठी आहे. बी वर्ग साडेतीन हजार किलोपर्यंतच्या आणि चालक सोडून आठपर्यंत आसने असलेल्या मोटारीसाठी आहे. मोटारीचा शिक्का असला म्हणून दुचाकी चालवता येते, असे कुठेही नाही. थायलंडमध्ये आपला परवाना चालतो, परंतु फुकेतच्या किंवा क्राबीच्या रस्त्यावर स्कूटर चालवायची तर ए वर्गासमोर शिक्का हवा. स्कूटर भाड्याने देणारे दुकानदार पुष्कळदा काहीही न विचारता किल्ली हातात देतात, म्हणून परवानगी आहे असे समजू नये. अपघात झाला आणि चालकाकडे त्या वर्गाचा वैध परवाना नसला, तर प्रवास विम्याची कंपनी त्या कारणाने दावा नाकारू शकते, आणि परदेशातल्या रुग्णालयाचे बिल घरच्या माणसांना भरावे लागते. सहलीची जाहिरात करणारी काही मंडळी ‘तिकडे कोणी विचारत नाही’ असे छातीठोकपणे सांगतात. अशा सल्ल्याचा मला मनापासून राग येतो, कारण तो देणाऱ्याचे काहीच जात नाही.

याहून वाईट प्रकार इंटरनेटवर दिसतो. दहा वर्षांचा ‘आंतरराष्ट्रीय लायसन्स’, काही तासांत ई-मेलवर, छायाचित्र पाठवा आणि डॉलरमध्ये पैसे भरा, अशा जाहिराती अगदी सरकारी वाटाव्यात इतक्या सफाईने केलेल्या असतात. त्या ओळखण्याची खूण सोपी आहे. 1949 च्या करारात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा परवाना नाही. 1968 च्या करारातही कमाल मर्यादा तीन वर्षे आहे. त्यामुळे पाच किंवा दहा वर्षांचा परवाना कुठल्याही करारात बसत नाही. शिवाय परवाना देण्याचा अधिकार ज्या देशाने मूळ लायसन्स दिले, त्या देशाच्या यंत्रणेला किंवा तिने अधिकृत केलेल्या संस्थेला असतो. परक्या देशातल्या खासगी संकेतस्थळाला तो असूच शकत नाही. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानेही नागरिकांना अशा बनावट परवान्यांपासून सावध केलेले आहे.

मग परवाना कुणी घ्यावा आणि कुणी घेऊ नये? इथे देशागणिक आणि त्याहूनही अधिक मुक्कामागणिक उत्तर बदलते. जपानविषयी मी स्वतःच्या अनुभवाने सांगू शकते. जपान फक्त 1949 च्या कराराचा आंतरराष्ट्रीय परवाना मानतो, म्हणून आपली पुस्तिका तिथे अगदी नेमकी चालते. होक्काइदोच्या न्यू चितोसे विमानतळावर गाडी भाड्याने घेताना काउंटरवरच्या तरुणीने आधी पुस्तिकेवरचे कराराचे वर्ष शोधले, मग बी वर्गासमोरच्या शिक्क्यावर बोट ठेवले, मग पासपोर्टमधला जपानमध्ये उतरल्याचा शिक्का काढून त्याची तारीख पाहिली, आणि शेवटी भारतीय लायसन्सचे कार्ड दोन्ही बाजूंनी पाहून सगळ्यांच्या प्रती काढल्या. पेठ रोडच्या खिडकीवर जे तपासले गेले होते, जवळजवळ तेच तिनेही तपासले. त्यानंतर फुरानोच्या लॅव्हेंडरच्या शेतांपर्यंतचा प्रवास निश्चिंतपणे झाला. वाहतूकही आपल्यासारखी डाव्या बाजूने असल्यामुळे हाताला वेगळी सवय लावावी लागली नाही.

जपानमध्ये नोकरी करणाऱ्यांसाठी मात्र एक कडक नियम आहे आणि तो नाशिकमध्ये मी अद्याप कुणाकडूनही ऐकलेला नाही. आंतरराष्ट्रीय परवान्यावर तिथे उतरल्यापासून एक वर्ष किंवा परवान्याची मुदत, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंतच गाडी चालवता येते. तिथला रहिवासी म्हणून नोंद असलेला माणूस जपान सोडून तीन महिन्यांच्या आत परत गेला, तर त्या परतीच्या दिवसापासून नवे वर्ष मोजले जात नाही. म्हणजे टोकियोत वर्षाहून अधिक काळ राहणारा मुलगा दिवाळीला घरी आला, आईच्या सांगण्यावरून नवा परवाना काढून पंधरवड्याने परत गेला, तर तो नवा परवाना त्याच्या उपयोगाचा नाही. त्याला परीक्षा देऊन जपानी लायसन्सच घ्यावे लागते.

पर्यटक आणि रहिवासी हा फरक जवळजवळ सगळीकडे आहे, आणि माझ्या मते संपूर्ण विषयाचे मर्म तिथेच आहे. संयुक्त अरब अमिरातीत पर्यटक व्हिसावर गेलेल्या भारतीयाला आंतरराष्ट्रीय परवान्यावर गाडी चालवता येते. निवासी व्हिसा लागला की तिथलेच लायसन्स हवे. जर्मनीत राहायला गेलेल्याचे भारतीय लायसन्स सहा महिने चालते, त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा देऊन जर्मन लायसन्स घ्यावे लागते, कारण परीक्षेशिवाय लायसन्स बदलून देण्याच्या यादीत भारत नाही. नेदरलँड्समध्ये नगरपालिकेत रहिवासी म्हणून नोंद झाल्यापासून ही मुदत 185 दिवसांची आहे. व्यवहारासाठी आठ-पंधरा दिवस जाणाऱ्या बागायतदाराला त्याची चिंता नाही, पण तिथल्या कार्यालयात बदली होऊन गेलेल्या त्याच्या मुलाला आहे. ब्रिटनमध्ये भारतीय लायसन्सवर बारा महिने मोटार चालवता येते आणि आपले कार्ड इंग्रजीतच असल्यामुळे केवळ कायद्यासाठी पुस्तिका काढण्याची गरज नाही. गाडी भाड्याने देणारी कंपनी मागते का, एवढे आरक्षणाच्या अटींत पाहून घ्यावे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. कॅलिफोर्नियात पाहुणा म्हणून आलेल्या प्रौढ माणसाला आपल्या देशाच्या वैध लायसन्सवर गाडी चालवता येते, पण तिथे राहायला आलेल्याने दहा दिवसांत राज्याचे लायसन्स मागायचे असते. टेक्सासमध्ये हीच मुदत नव्वद दिवसांची आहे. मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांना माझा सल्ला असा की, 1000 रुपयांत मिळणारी पुस्तिका जवळ असू द्यावी, कारण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सहज जाणे होते. परंतु मुलाच्या गाडीच्या विम्यात आपले नाव चालक म्हणून आहे का, हे पुस्तिकेच्याही आधी विचारावे. चीनच्या मुख्य भूमीवर आंतरराष्ट्रीय परवाना मुळीच मानला जात नाही. तिथे जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी पेठ रोडची खेप घालू नये.

परवाना कधी काढावा, याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण मुदत हातात पडल्यापासून मोजली जाते, विमानात बसल्यापासून नाही. सप्टेंबरमध्ये शिकायला जाणाऱ्या मुलाचा परवाना जानेवारीतच काढून ठेवला, तर त्यातले आठ महिने कपाटातच संपतात. याउलट प्रवासाच्या अगदी तोंडावर अर्ज केला आणि नावात किंवा जुन्या नोंदीत अडचण निघाली, तर वेळच उरत नाही. नोंदी आणि नावे आधी, सवडीने, दुरुस्त करून घ्यावीत आणि परवान्याचा अर्ज तिकीट निश्चित झाल्यावर करावा, हा क्रम मला योग्य वाटतो.

परवान्याची एक वर्षाची मुदत ही खरोखरच अपुरी आहे असे मात्र मला वाटते. लायसन्स दहा-दहा वर्षे वैध असते, पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, आणि पुस्तिका मात्र दरवर्षी नवी. हा दोष कुठल्या कार्यालयाचा नाही, कराराचा आहे. भारताने 1968 च्या कराराच्या दिशेने जावे, म्हणजे मुदतही वाढू शकेल आणि त्याच कराराचा परवाना मागणाऱ्या देशांची दारेही उघडतील, असे माझे स्पष्ट मत आहे. तोपर्यंत परदेशात असतानाच ज्यांचा परवाना संपतो त्यांच्यासाठी 2021 च्या त्याच अधिसूचनेने एक मार्ग ठेवलेला आहे: तिथल्या भारतीय दूतावासामार्फत अर्ज करता येतो, तो संगणकावरून इथल्या संबंधित परिवहन कार्यालयाकडे येतो आणि नवा परवाना कुरिअरने अर्जदाराच्या परदेशातील पत्त्यावर पाठवला जातो. दीर्घ मुक्कामावर असलेल्या पर्यटकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी ही सोय मोलाची आहे, मात्र त्या देशाने रहिवाशांसाठी घातलेली मुदत संपली असेल तर असा नवा परवाना आणूनही फायदा नाही.

माझा भाचा सध्या जर्मनीत श्टुटगार्टजवळ नोकरीला आहे. नाशिकहून निघताना त्याने पुस्तिका घेतली, पहिल्या काही आठवड्यांत ती वापरली, आणि सहा महिन्यांची मुदत डोळ्यांसमोर ठेवून लगेच तिथल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नावही घातले. दृष्टितपासणी आणि प्रथमोपचाराचा वर्ग झाला असून लेखी परीक्षा तो इंग्रजीतून देणार आहे; भारतीय लायसन्स आधीपासून असल्यामुळे ठरावीक तासांचे शिकवणीचे वर्ग त्याला सक्तीचे नाहीत, तरी उजव्या बाजूची वाहतूक अंगवळणी पडावी म्हणून त्याने काही वर्ग स्वतःहून घेतले आहेत. निघण्यापूर्वी त्याला जे कागद मी जुळवून दिले, तेच कुणालाही सांगेन: लायसन्सचे मूळ कार्ड, पुस्तिका, पासपोर्ट, विम्याची प्रत, आणि ज्या देशात जायचे तिथल्या वाहतूक विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरील परदेशी चालकांविषयीच्या नियमांचे छापील पान.